नागपूरचा पारा सातशे एकोणतीस

वायूंचे गुणधर्म हा धडा किती तासांत शिकवून होतो? विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात बारा तास लिहिले होते. मला दिला असता तर मी नऊ तासांत, गणितांसकट, उरकला असता. आमचे सर जुलैत सुरू करायचे, आणि दिवाळीचे फटाके वाजायला लागले तरी बॉइलच्या नियमाला नुकता हात लागलेला असायचा. मग उरलेलं सगळं, द्रव, द्रावणं, समतोल, विद्युत-रसायन, हे कोणाच्या गळ्यात? माझ्या. जानेवारीपासून मी सकाळचे जादा तास घ्यायची, घसा बसवून घ्यायची, आणि सर व्हरांड्यातून जाताना खिडकीतून डोकावून म्हणायचे, "काहून वं, इतकी घाई काहून करून राहिली?"

घाई! या माणसाला घाईचं कारण सांगून सांगून मी थकले होते. मी त्यांचीच विद्यार्थिनी, म्हणून तर मला 'तू' आणि 'वं'. एम.एस्सी. झाल्यावर त्याच कॉलेजात टेम्पररी लेक्चरर म्हणून लागले, त्याला तीन वर्षं झाली होती. दर जूनला नवी ऑर्डर, दर एप्रिलला ती संपलेली. वडील रिटायर झालेले, पाठच्या दोघी बहिणी शिकत होत्या. आणि त्या वर्षी प्राचार्यांनी मला खोलीत बोलावून सरळ सांगून टाकलं होतं, "मॅडम, फर्स्ट इयर केमिस्ट्रीचा निकाल चांगला लागला तर तुम्हाला कायम करतो. नाही लागला तर जूनमध्ये माझ्याकडे येऊ नका." म्हणजे माझी नोकरी कशावर अवलंबून, तर ऐंशी मुलांच्या निकालावर. आणि तो निकाल अवलंबून होता अशा माणसावर, ज्याला अभ्यासक्रम पूर्ण करायचा असतो हेच मान्य नव्हतं.

त्यांची पद्धत सांगते. पहिल्या दिवशी टेबलावर एक रिकामा पेला ठेवायचे. "यात काय हाये?" वर्ग म्हणायचा, काही नाही. "काही नाही म्हणणारे खाली बसा." सगळेच खाली बसायचे. तास संपला! दुसऱ्या दिवशी एक फुटबॉल आणायचे. हवा नसताना तोलायचा, हवा भरून परत तोलायचा, वजनात किंचित फरक दिसायचा. आता हे एकाने पाहून बाकीच्यांना सांगितलं तर चालणार नाही का? नाही चालणार. ऐंशीच्या ऐंशी जणांनी रांगेनं येऊन, तराजूचा काटा स्वतःच्या डोळ्यांनी पाहून जायचं. त्यात तीन तास गेले. एका वर्षी शेवटच्या बाकावरचे दोघं न पाहताच जागेवर गेले, तर चौथा तासही त्यातच गेला. आणि हे सगळं का, तर सरांचं एकच पालुपद होतं. "आधी पाहजो, मंग लिहजो."

त्यांच्या बुशशर्टच्या खिशात पेनाच्या जागी थर्मामीटर असायचं. अंश सेल्सिअस, फॅरनहाइट हे शब्द त्यांना खपत नसत. "शून्य कायचं? बर्फ म्हणजे काही शून्य नसते वं. बर्फातही रेणू हालत असतात." म्हणून ते तापमान नेहमी निरपेक्ष मापात सांगायचे, म्हणजे सेल्सिअसमध्ये दोनशे त्र्याहत्तर मिळवून. मे महिन्यात सारं नागपूर भाजून निघत असताना हा माणूस फाटकातल्या चौकीदाराला सांगायचा, "आज तीनशे अठरा हाये गा, डोकं बांध." माझ्या आईला टायफॉइड झाला तेव्हा आमच्या प्रताप नगरच्या घरी भेटायला आले. मी म्हटलं, ताप एकशे दोन आहे. त्यांनी डोळे मिटून हिशेब केला आणि आईकडे पाहून हळहळत म्हणाले, "तीनशे बारा!" आई घाबरून उठून बसली. तिची समजूत काढता काढता माझ्या नाकी नऊ आले. सर मात्र तोवर आमच्या खिडकीतल्या उन्हाचं तापमान घ्यायला गेले होते.

आता सायकलींची गोष्ट. ही आठवली की आजही माझं डोकं फिरतं. लेखी परीक्षेचे दिवस होते, एप्रिल संपत आलेला. पेपर सुटला, पोरं स्टँडवर आली, तर एकूण एक सायकल जमिनीला टेकलेली. कोणी तरी खोडी केली म्हणून आरडाओरडा सुरू झाला. तेवढ्यात एकाला खांबावर चिकटवलेली चिठ्ठी दिसली. 'तापमान ३१७. सगळ्यांची हवा थोडी कमी केली आहे. घाबरू नये.' उन्हात हवा फुगून ट्यूबा फुटतील म्हणून सरांनी दुपारभर बसून एकेका सायकलचा वॉल्व्ह सैल केला होता. त्या वॉल्व्हची रबरं जुनी, एकदा सैल केली की परत नीट बसतच नसत. थोडी थोडी म्हणता सगळीच हवा गेली होती.

त्यांत माझीही सायकल होती. मी ती ढकलत, घामाच्या धारा पुसत निघाले, आणि सर मागून चालत आले. "मी हिशोब केला वं. सकाळी तीनशे एक, दुपारी उन्हात ट्यूब तीनशे तीस. दाब दहा टक्के वाढते."

"सर, दहा टक्क्यांनी ट्यूब फुटत नाही!"

"जुनी फुटते."

"माझी नवी होती!"

"मले कसं माहीत राहीन? तू सांगितलं नाही." आणि पंक्चरवाल्याच्या दुकानापर्यंत मला चार्ल्सचा नियम समजावत आले. मी ज्या विषयात एम.एस्सी. केलं, तो नियम. भर उन्हात!

त्यांचा खरा जीव होता तो पाऱ्याच्या वायुभारमापकात. तराजूंच्या खोलीबाहेर, म्हणजे बॅलन्स रूमच्या बाहेर, भिंतीवर काचेच्या लाकडी पेटीत ते उभं उपकरण टांगलेलं होतं. खाली पाऱ्याचं भांडं, त्यावर हस्तिदंताचं एक बारीक टोक. खालचा स्क्रू फिरवून ते टोक पाऱ्याला नुसतं टेकवायचं. टोक आणि पाऱ्यातलं त्याचं प्रतिबिंब यांची गाठ पडली की मग वर नळीतल्या पाऱ्याची उंची मोजायची, तोच हवेचा दाब. सर रोज सकाळी कॉलेजात आले की चपला बाजूला काढून तिथे उभे राहायचे, काचेवर बोटानं टिचकी मारायचे, वाचायचे. मग वर्गाच्या दारावरच्या पाटीवर खडूनं 'आजचा दाब' लिहायचे आणि एका लांब रजिस्टरमध्ये नोंद करायचे. दाब, तापमान आणि शेवटी शेरा. शेऱ्यात काहीही असायचं. 'ढग.' 'काच पुसली.' एकदा मी पाहिलं, लिहिलं होतं, 'प्राचार्य आले, न पाहता गेले.'

आणि या सगळ्यातून निघालं सातशे साठचं भांडण. पुस्तकात काय असतं? वातावरणाचा दाब सातशे साठ मिलिमीटर. बरोबर आहे, पण तो समुद्रकाठचा. नागपूर समुद्रापासून हजारएक फूट उंच. इथला पारा थंडीत सातशे सदतीसच्या आसपास राहतो, पावसाळ्यात सातशे पंचवीसपर्यंत उतरतो, पण सातशे साठ काही त्याला कधी दिसलेलं नाही. आता हे मलाही कळत होतं. पण नागपुरातली सगळी कॉलेजं काय करत होती? प्रॅक्टिकलच्या वहीत डोळे मिटून सातशे साठ लिहीत होती. सर अशी वही पाहिली की ते पानच फाडायचे. "पुस्तकातली हवा पुस्तकात राहू द्या. आपली हवा आपल्याले मोजा लागते."

परीक्षेला हमखास येणारा एक प्रयोग होता. मॅग्नेशियमच्या फितीचा तुकडा तोलायचा, आम्लात टाकायचा, निघालेला हायड्रोजन नळीत गोळा करून मोजायचा. मग खोलीतलं तापमान आणि दाब घालून मॅग्नेशियमचा तुल्यभार काढायचा. उत्तर बारा आणि वर थोडं यायला पाहिजे. ते सगळ्यांना आधीच पाठ. त्यामुळे पोरं उत्तरापासून सुरुवात करायची. शेवटी बारा, मध्ये सातशे साठ, आणि त्या हिशेबाला जुळेल इतका हायड्रोजन वहीत बसवायचा, नळीत कितीही असो. याला 'कुक करणं' म्हणत आणि पुढच्या वर्षाला त्याच्या वह्या वारशानं देत. सरांच्या बॅचमध्ये याला थारा नव्हता. तिथे नळीत असेल तेच लिहायचं, पाऱ्यावर असेल तेच लिहायचं, मग उत्तर पंधरा का येईना. आणि खरी गंमत म्हणजे, नीट केलं तर पंधरा येतच नसे. बाराच येई.

पण मागच्या वर्षी याच खरेपणानं घात केला होता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सातशे तीस-बत्तीसचे आकडे पाहिले आणि निरीक्षण चूक म्हणून धडाधड गुण कापले. सरांना कळेपर्यंत ते गुणपत्रिकेचं पाकीट सीलबंद करून गाडीत बसले होते. निकाल पडला आणि प्राचार्यांनी तो माझ्या तोंडावर मारला.

त्या वर्षी ऐंशीपैकी वीस जण सरांच्या प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये होते. त्यात कुंदा. भिवापूरची, घरची मिरचीची शेती, इथे हॉस्टेलवर राहायची. बोलायची कमी, पण बोलली की समोरच्याची पंचाईत. तिची माझी नीट ओळख झाली ती सरांच्या आणखी एका उपद्‌व्यापात. वायू आपोआप सगळीकडे पसरतो हे दाखवायला सरांनी तिच्याकडूनच मागवलेल्या भिवापुरी मिरच्या भर ऑगस्टमध्ये वर्गात बर्नरवर भाजल्या. आधी फर्मान सुटलं, "पंखे बंद! खिडक्या बंद! ज्याले ठसका लागला त्यानं हात वर करा." पहिला बाक खोकला, दुसरा खोकला, बाकामागून बाक हात वर. मी मागे घड्याळ धरून उभी, डोळ्यांतून पाणी, पदर तोंडाला. शेजारच्या वर्गातले इंग्रजीचे प्राध्यापक शिव्या देत बाहेर पळाले. आणि तिसऱ्या बाकावर कुंदा हाताची घडी घालून बसलेली.

सर तिच्यापुढे जाऊन उभे राहिले. "काहून वं, तुले नाही लागला?"

"नाही लागला, सर. आमच्या घरी रोजचंच हाये हे."

"साऱ्यांनी हात वर केला नं."

"त्यायले लागला असन. मले नाही लागला, त हात कायले वर करू?"

सर इतके खूश झाले की त्यांनी तिथल्या तिथे बर्नर बंद केला. मग वर्गाला विचारलं, खरंच कोणाकोणाला लागला आणि कोणी पुढच्या बाकाकडे पाहून हात वर केला? सहा जणांनी खाली मान घातली. "ही एकटी पाहून बोलते," सर म्हणाले. मी मात्र खोकत खोकत मनात म्हटलं, झालं, एक वेडा कमी होता, आता दोन झाले.

प्रॅक्टिकल परीक्षा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात लागली. बाहेरचे परीक्षक कोण, ते मी ऑफिसातून काढलं. समुद्रकाठच्या एका गावचे प्राध्यापक. त्यांच्या गावी पारा खरोखरच सातशे साठला असणार! ते आपल्या सातशे तीसला काय म्हणणार? परत गुण कापले जाणार, परत निकाल पडणार, आणि जूनमध्ये मी घरी.

परीक्षेच्या आदल्या दुपारी सर जेवायला गेल्याचं पाहून मी त्या वीस जणांना लॅबमध्ये गोळा केलं आणि दार लोटून घेतलं. सांगितलं, "उद्या हायड्रोजनचा प्रयोग आला तर दाबाच्या जागी सातशे साठ लिहायचं. उत्तर बारा आणायचं. कोणी पारा पाहायला जाऊ नका." पोरांना काय, हायसं वाटलं.

कुंदा उभी राहिली. "पण मॅडम, आपल्या इथं त..."

"पारा राहू दे कुंदा! पास व्हायचंय ना?"

ती खाली बसली. मला वाटलं, समजली.

दुसऱ्या दिवशी तोच प्रयोग आला. सर आतले परीक्षक, पण ते पलीकडच्या खोलीत तोंडी परीक्षा घेत होते. पाहुणे परीक्षक इकडे पेपर तपासत फिरत होते. उंच, गंभीर गृहस्थ, बोलणं मोजकं. कुंदाच्या टेबलापाशी थांबले.

"सातशे एकोणतीस? कुठल्या डोंगरावर राहतेस तू?"

"भिवापूरले राह्यतो, सर. पण आकडा इथचा हाये. बाहेर पारा लावला हाये, तिथचा."

या मुलीला गाडावं की काय करावं! एवढं सांगितलं होतं! पाहुण्यांनी लाल पेन्सिल काढली. तेवढ्यात आवाज ऐकून सर आले, कुंदाच्या कागदावरचा आकडा वाचला, आणि त्यांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. त्यांनी पाहुण्यांचा हातच धरला. "या नं सर, पाहून घ्या." आणि त्या भल्या माणसाला ओढत बॅलन्स रूमच्या बाहेर घेऊन गेले. मीही मागोमाग गेले.

पाहुण्यांनी स्वतः स्क्रू फिरवला. टोक पाऱ्याला टेकवलं. चष्मा सारखा करून वाचलं, परत वाचलं. सातशे एकोणतीस. ते सरळ मनाचे होते. "चूक माझी," म्हणाले, "आमच्याकडे समुद्र आहे, त्यामुळे हे कधी लक्षातच आलं नाही. मुलीचं बरोबर आहे." सर लहान मुलासारखे हसले. मला इतका राग आला आणि इतकं हलकं वाटलं, की दोन्ही एकदम. वाटलं, चला, वाचलो.

मग पाहुणे लॅबमध्ये परत आले आणि बाकीचे कागद एकेक करून पाहू लागले. सातशे साठ. सातशे साठ. सातशे साठ. एकोणीस वेळा.

"मग या एकोणीस जणांनी कुठला पारा पाहिला?"

पाहुणे हळू आवाजात बोलत होते. "हे स्वतःच्या मनानं लिहिलं असेल तर खोटं निरीक्षण आहे, मला यांना शून्य द्यावं लागेल. पण एकोणीस जण एकसारखं खोटं आपण होऊन लिहीत नाहीत. कोणीतरी सांगितलं असणार. तसं असेल तर मी मुलांना सांभाळून घेईन, पण सांगणाऱ्याचं नाव विद्यापीठाला कळवीन. कोणी सांगितलं?"

पोरं माझ्याकडे पाहत नव्हती. ते तर आणखी वाईट. सरांनी कागद हातात घेतले. पहिला पाहिला, दुसरा पाहिला, आणि मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. आपल्या हाताखाली शिकलेल्या मुलीनं काय केलं ते त्यांना तिथेच कळलं. मी बोलणारच होते, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. माझ्या डोळ्यांपुढे फक्त जूनची ऑर्डर होती.

"मी सांगितलं," सर म्हणाले.

पाहुणे त्यांच्याकडे पाहतच राहिले. "तुम्ही? आत्ता मला हाताला धरून पारा दाखवलात तुम्ही!"

"हो. मीच सांगितलं. परीक्षेत भांडण नको म्हणून सांगितलं. या पोट्टीनं माझं ऐकलं नाही, पाहून लिहिलं. तिचे मार्क कापू नका."

"पण सर," कुंदा उभी राहिली, "तुमी त..."

"तू चूप बस वं! तुझी व्हायवा राह्यली हाये." आणि तिला घेऊन पलीकडच्या खोलीत गेले.

पुढचं सगळं सुरळीत झालं, अगदी चीड यावी इतकं सुरळीत. एकोणीस जण थोडे गुण जाऊन पास झाले. कुंदाला पैकीच्या पैकी. निकाल चांगला लागला आणि जूनमध्ये माझ्या हातात कायमची ऑर्डर पडली. आईनं गल्लीत पेढे वाटले. सरांचं नाव परीक्षकांच्या यादीतून गेलं, आणि प्राचार्यांनी एक दिवस स्टाफ रूममध्ये सगळ्यांसमोर जाहीर केलं की यापुढे वायूंचा धडा सर शिकवणार नाहीत. तो मॅडम शिकवतील. सरांनी दुसऱ्या वर्षाची गणितं घ्यावीत.

मी त्याच दुपारी सरांना गाठलं. ते खिडकीपाशी बसून डब्यातली पोळी खात होते. मी चिडून, जवळजवळ ओरडून विचारलं, "सर, काहून केलं तुम्ही असं? कोणी सांगितलं होतं तुम्हाला? मला बोलू तरी द्यायचं होतं!"

त्यांनी घास गिळला. "आज पारा पाह्यला का?"

"पारा गेला खड्ड्यात!"

"म्हणजे नाही पाह्यला." आणि परत पोळी खाऊ लागले. मला माफी मागायची होती हो! तीन महिने शब्द जुळवून ठेवले होते मी. या माणसानं तेवढंही करू दिलं नाही. मी दार आपटून बाहेर पडले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

जुलैत वर्ग भरला. ऐंशी नवे चेहरे. मी ठरवूनच गेले होते की नऊ तास म्हणजे नऊ तास. पेला नाही, फुटबॉल नाही, मिरच्या तर नाहीतच. फळ्यावर झरझर व्याख्या लिहिल्या. दाब, घनफळ, तापमान. खाली लिहिलं, वातावरणाचा दाब सातशे साठ मिलिमीटर. पोरं माना खाली घालून उतरवून घेऊ लागली. इतकी शहाणी पोरं मी कधी पाहिली नव्हती. कोणी मान वर करीना. मला अचानक काहीतरी भलतंच वाटायला लागलं. मी विचारलं, "हे बरोबर आहे का?" ऐंशी जण म्हणाले, "हो मॅडम." दारावर पाटी टांगलेली होती. तिच्यावर सरांच्या अक्षरात त्या दिवशीचा दाब लिहिलेला होता. सातशे पंचवीस. वर्गात येताना सगळे तिच्या शेजारूनच आले होते. मीसुद्धा.

मी खडू खाली ठेवला. काय करणार! "चला, उठा," म्हटलं. "सगळे. रांगेनं."

बॅलन्स रूमबाहेर सर होतेच. चपला बाजूला काढलेल्या, हातात कापड, काच पुसत होते. माझ्यामागे ऐंशी पोरांची रांग पाहून म्हणाले, "काहून वं? तुझा तास सुरू हाये नं?"

"पाहायला आलो," मी म्हटलं.

ते बाजूला झाले. एवढंच. मी स्क्रू फिरवला, टोक टेकवलं. त्यांनी रजिस्टर उघडून माझ्यापुढे धरलं. "लिही मंग." कोरं पान शोधायला मी मागे-पुढे चाळलं, आणि मार्चचं पान निघालं. त्या परीक्षेच्या दिवसाचं. दाब ७२९. तापमान ३०७. आणि शेऱ्याच्या रकान्यात, त्याच बारीक अक्षरात, एक ओळ होती.

'आज एक गोष्ट न पाहता सांगितली.'

मला माझं नाव सापडेल असं वाटलं होतं. कुठेच नव्हतं. इतक्या वर्षांच्या नोंदींत त्या माणसानं एकदाच काहीतरी न पाहता सांगितलं होतं, आणि तेही लपवलं नव्हतं. मी कोरं पान काढलं, पेन उघडलं आणि वर नळीकडे पाहिलं. पारा, आकडे, सगळं पाण्यात गेल्यासारखं दिसत होतं. मागे पोरांची ढकलाढकली सुरू झाली होती.

"सर," मी म्हटलं, "मला दिसत नाहीये."

"मंग थांब," सर म्हणाले. "दिसल्यावर लिहजो."